अध्यक्षांचे एक्केचाळीस केबी

हितेंद्र सावंतला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे त्याने जे सोसलं ते सोसण्याजोगं होतं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. जमेच्या बाजूला एकच बाब होती, पण घसघशीत: चिंचपोकळीचा हॉल. पालेखोल ग्रामस्थ हितवर्धक मंडळाचा, पहिल्या मजल्यावरचा, पंखे चालू असलेला, पाणी येणारा आणि हितेंद्रच्या घोडपदेवच्या चाळीतून वऱ्हाडाला चालत जाता येईल इतका जवळ. हितेंद्रच्या मुलीचं, आकांक्षाचं लग्न माघातल्या एका रविवारी ठरलं होतं आणि त्या रविवारी मुंबईत लग्नाच्या वयाची एकही मुलगी घरी बसणार नसावी, कारण कुठलाच हॉल रिकामा नव्हता.

मंडळाचा होता. म्हणजे तसा नव्हता, त्या दिवशी मंडळाची वार्षिक सभा होती. सभा पुढे ढकलायची तर घटनेप्रमाणे तीन सह्या लागतात: अध्यक्ष गंगाधरअण्णा, खजिनदार रामदास आणि महिला आघाडीच्या प्रमुख नलूताई. या तिघांचं गेल्या कित्येक वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे उरलेले दोघे मंडळ बुडवणार.

हे सगळं ठाऊक असूनही हितेंद्र वडाळ्याच्या व्याह्यांकडे बोलून बसला होता, "हॉलची काळजीच सोडा. हॉल आपलाच आहे." विहीण कालिंदीबाईंचा दिलेल्या शब्दावर विश्वास. त्यांनी पत्रिका छापून घेतल्या. हॉलच्या नावासकट.

म्हणून अण्णा जेव्हा म्हणाले, "हितेंद्रा, मंडळाचा अमृतमहोत्सव इलो. तू आमका वेबसाइट करून दी, हॉलच्या कागदाचां मी बघतंय," तेव्हा हितेंद्रने त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

खर्चाच्या बाजूला काय येणार याचा त्याने विचार केला नाही. विमा कंपनीच्या दावे विभागात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने विचार न करता सही करावी, याला मुलीचा बाप होणं म्हणतात.

वेबसाइट मात्र त्याने झोकात सुरू केली. वरच्या मजल्यावरचा विनीत कम्प्युटरवाला. नोकरी त्याची नक्की कसली हे चाळीत कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रिंटर अडला की त्याला हाक मारायची पद्धत होती. त्याने सल्ला दिला, "काका, स्टॅटिक साइट करा. गिऱ्हाईक आल्यावर भजी तळत बसायचं नाही. चकल्या आधीच करून बरणीत भरून ठेवायच्या, मागितलं की काढून द्यायच्या. अशा साइटला जागा फुकट मिळते."

फुकट हा शब्द मंडळाच्या सभेत एकमताने संमत झाला.

मग फोटो आले. मंडळाच्या ग्रुपवर हितेंद्रने लिहिलं होतं, 'कृपया फोटो पाठवावेत.' इथे 'लहान' हा एक शब्द घालायचा राहून गेला. प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपला फोटो असा पाठवला की त्यातून माणसाच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत. एकेका फोटोचं वजन आठ एमबी, दहा एमबी. रामदासच्या पुतण्याने तर नव्या कॅमेऱ्यातून काकाचा असा फोटो काढला होता की तो पाठवता पाठवता त्याच्या मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला.

हितेंद्रने सगळे फोटो तसेच्या तसे चढवले आणि पहिलं दर्शन घ्यायला रामदासच्या लालबागच्या दुकानात गेला. रामदास मसाल्याच्या पोत्यांमध्ये बसून मोबाइलकडे बघत होता. फोटो वरून खाली उघडत होता, बोटभर, मग आणखी बोटभर.

"केस आले," रामदास म्हणाला.

"येईल, येईल."

एक गिऱ्हाईक आलं, मालवणी मसाला घेऊन गेलं.

"आता कपाळ आलं. हितू, माझं तोंड काय पुढच्या महिन्यात येणार काय रे?"

तेवढ्यात गावाहून फोन आला. पालेखोलला नेटवर्क एका आंब्याखाली येतं, तिथे अख्खी वाडी जमली होती. त्यांच्याकडे अण्णा भुवईपर्यंत येऊन थांबले होते आणि अण्णांच्या बाबतीत भुवईच्या वर बघण्यासारखं काही नव्हतं. अण्णांना टक्कल होतं. वाडी अर्धा तास एक गुळगुळीत गोळा बघत होती, आणि एक म्हातारी नमस्कार करून निघूनही गेली होती.

"तुझ्या हॉलचा कागद आहे माझ्याकडे," रामदास मोबाइल खाली ठेवत म्हणाला. "माझं तोंड आलं की सही. समजला?"

हितेंद्र धावत विनीतकडे. विनीत हसला. त्याच्याकडे असा एक प्रोग्राम होता की सगळे फोटो एका झटक्यात हलके करतो. दिसायला तस्सेच, वजन मात्र उतरलेलं. एमबीचे केबी झाले. चहा निवायच्या आत काम झालं. साइट अशी सटासट उघडायला लागली की रामदासचं तोंड हनुवटीसकट एकदम आलं आणि त्याने दुकानातून खुशीचा फोन केला.

इथे हितेंद्रने थांबायला हवं होतं. पण विमा कंपनीतला माणूस काम करून थांबत नाही, कामाचा अहवाल देतो. त्याने एक सुबक तक्ता केला. नाव, आधीचं वजन, आताचं वजन. आणि तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली नम्रपणे 'माहितीस्तव'.

गंगाधरअण्णा: ४१ केबी. रामदास: १८८ केबी. नलूताई: २१२ केबी.

आता हे ज्यांना कळणार नाही त्यांनी परळपासून लालबागपर्यंत एकदा मान वर करून चालत जावं. तिथे फ्लेक्सवर कुणाचं तोंड केवढं यावरून राज्यं चालतात. वाढदिवस असो, दहीहंडी असो, दहावीचा निकाल असो, सगळ्यात मोठं तोंड ते साहेबांचं, त्याखालची मध्यम तोंडं ती पदाधिकाऱ्यांची, आणि तळाला शर्टाच्या बटणाएवढी जी रांग असते ते कार्यकर्ते. तोंड चार इंचांनी घटलं म्हणून माणसांनी पक्ष बदलले आहेत. असल्या मुलखात हितेंद्रने अध्यक्षांना एक्केचाळीस दिले होते.

फोन वाजला तेव्हा तो ऑफिसात होता.

"हितेंद्रा, मी अध्यक्ष आसंय की शिपाय?"

"अण्णा, तसं नाही हो. फोटोत जितक्या बारीकसारीक गोष्टी, तितकं वजन जास्त. नलूताईंच्या मागे कंदील आहेत, साडीला जर आहे. रामदासचा शर्ट फुलाफुलांचा. तुमच्या फोटोत काहीच नाही."

"काहीच नाय म्हणजे?"

"म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी भिंत आणि वर... वर पण सगळं सपाट."

हितेंद्रला आकांक्षाचं लग्न भर रस्त्यात मांडव घालून होताना दिसलं.

"एक्केचाळीस," अण्णा म्हणाले. "पंचाहत्तर वर्षांच्या मंडळाचो अध्यक्ष, एक्केचाळीस. तुझ्या हॉलच्या कागदार माझी सही होवची नाय."

घरी बायकोने, सीमाने सगळं ऐकून घेतलं. ती भाजी निवडत होती. "तुम्हाला तक्ता करायला कुणी सांगितला होता? आपल्या लग्नात तरी मी मागितला होता का तक्ता?"

"पारदर्शक कारभार असावा म्हणून."

"मग आता जरा झाकलेला करा. त्यांना सांगा, केबी म्हणजे वजन. वजन कमी तो माणूस तब्येतीने चांगला."

युक्ती बरी होती. हितेंद्रने ती अण्णांवर चालवायची, तर आधी तालीम म्हणून नलूताईंवर चालवली. फोन संपला तेव्हा नलूताईंच्या समजुतीप्रमाणे हितेंद्र सावंतने त्यांना सगळ्या कार्यकारिणीत जाड ठरवलं होतं. दुसरी सही गेली.

अण्णा स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सुनेच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मधोमध खुर्ची टाकली, चौकडीचा कोट घातला, वर नक्षीची शाल घेतली आणि फोटो काढवला. पानंच पानं, मधे अण्णा. दोनशे चाळीस केबी. ही बातमी अण्णांनी स्वतःच ग्रुपवर टाकली, 'माहितीस्तव'.

तिथून जे सुरू झालं त्याला फोटो काढणं म्हणणं म्हणजे युद्धाला कवायत म्हणणं. रामदास पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन झेंडूच्या ढिगात गळ्यापर्यंत उभा राहिला. फुलवाल्याने हट म्हटलं तेव्हा त्याने दोन टोपल्या विकत घेऊन उभं राहायचा हक्क मिळवला. नलूताईंनी पैठणी नेसली, मोठी नथ घातली आणि कंदिलांच्या जागी भाचीच्या रुखवताची आरास मागे मांडली. त्यात साखरेचं देऊळसुद्धा होतं. अण्णांनी मग कुंड्यांत माणसं मिसळली. नातवंडं, शेजारी, एक पोपट. प्रत्येक फोटो आला की हितेंद्रने तो हलका करायचा, चढवायचा आणि केबी कळवायचे. केबी कळवले की दुसऱ्याचा फोन. मंडळाचा इतिहास, गावचं देऊळ, शाळेला दिलेली बाकं, यांचं पान अजून कोरंच होतं.

"हितू, झेंडूचे किती भरले?" रामदास विचारायचा, जसा काही हितेंद्र वजनकाटा घेऊन बसला होता.

आणि उद्घाटन जवळ येत चाललं होतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी, चिंचपोकळीच्या त्याच हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर. अण्णांनी जाहीर केलं होतं की पान बघू, मनासारखं असेल तर स्टेजवरच सह्या करू. शिवाय कालिंदीबाईंनी कळवलं होतं की त्या दिवशी आम्ही हॉल बघायला येतो, म्हणजे मांडवाचं माप घेता येईल. हितेंद्र 'या ना, या' म्हणाला आणि फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. ती भिंतही पांढरीच होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साइटने नवीन फोटो घ्यायचंच नाकारलं. जागा भरली, असा निरोप इंग्रजीतून आला. हितेंद्र चक्रावला, कारण जुने फोटो तर तो काढून टाकत होता.

विनीतने डोक्याला हात लावला. "काका, तुम्ही काढता, पण तिथे प्रत्येक जुनी प्रत आत जपून राहते. कोणी कधी काय बदललं ते मागे जाऊन बघता यावं म्हणून. पोपटवाले अण्णा, पोपटाशिवायचे अण्णा, सगळे आत आहेत."

हे हितेंद्रला लगेच कळलं, कारण मंडळाचं कपाट त्याने पाहिलं होतं. त्यात रद्द झालेली पावतीपुस्तकंसुद्धा रद्द न होता राहिली होती. मागचं सगळं टाकून साइट पहिल्यापासून नव्या जागी मांडावी लागली. दुपार त्यात गेली. संध्याकाळी रामदासचा फोन आला, की उद्या सकाळी भायखळ्याच्या भाजीबाजारात आणखी एक फोटो काढतोय, कोथिंबिरीत.

तेव्हा हितेंद्रचा तोल सुटला. सुटला म्हणजे काय, त्याने पहिल्यांदाच थंड डोक्याने विचार केला. त्याने विनीतला विचारलं, "फोटोत काही न घालता त्याचं वजन वाढवता येतं?"

"येतं की. फाइलीच्या तोंडाशी कोरी जागा भरायची. नुसती पोकळी. दिसत काही नाही."

"अण्णांना दोन हजार केबी भर. रामदास आणि नलूताई, दोघांना बरोब्बर एकेक हजार. पुन्हा कोणी कोथिंबिरीत जाता कामा नये."

तसं झालं. अध्यक्ष सर्वांत वर, खालचे दोघे तंतोतंत समान. फ्लेक्सचा कायदा पाळला गेला. हितेंद्रने नवे आकडे ग्रुपवर टाकले आणि तिघांकडूनही अंगठा आला. नलूताईंनी तर फूलही पाठवलं. अण्णांच्या मोठेपणातला बहुतेक भाग रिकामा होता, पण ते ठाऊक असलेली माणसं दोनच होती आणि त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत कालिंदीबाई, पर्समध्ये मापाची टेप. स्टेजवर अण्णा, रामदास, नलूताई, आणि त्यांच्या समोर टेबलावर तो कागद, वर पेन आडवं ठेवलेलं. हितेंद्र लॅपटॉपपाशी. हॉलला नेट नव्हतं, ते रामदासच्या मोबाइलवरून घेतलं होतं.

नारळ फुटला. हितेंद्रने कळ दाबायच्या आत रामदासने माइक घेतला. "मंडळी, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर पण उघडा! नेट माझ्याकडून. पासवर्ड घ्या." त्याने पासवर्ड सांगितला. दोनशे माणसं एका मोबाइलच्या नेटवर चढली.

पडद्यावर पान उघडलं. 'कार्यकारिणी' हा मथळा आला. नावं आली, ठळक, एकदम. नावांच्या वर तीन मोठ्या चौकटी. रिकाम्या.

आणि तळाला, 'सेवकवर्ग' या ओळीखाली, पटकन एक फोटो आला. राधाबाई. हॉल झाडायला येतात त्या. चुन्याच्या भिंतीसमोर, साधं पातळ, मान जराशी तिरकी. त्यांचा फोटो कुणी पुन्हा काढला नव्हता आणि कुणी फुगवला नव्हता. अख्ख्या पडद्यावर तेवढाच एक चेहरा होता. लोकांना वाटलं सुरुवात झाली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कालिंदीबाई मागे वळून सीमाला मोठ्याने म्हणाल्या, "अध्यक्ष बाई आहेत होय? छान. आमच्याकडे अजून पुरुषच."

स्टेजवर अण्णांची मान अगदी सावकाश हितेंद्रकडे वळली. फाइलीच्या तोंडाशी भरलेली पोकळी आता इमाने इतबारे येत होती, आधी सगळी पोकळी, मग माणूस.

बऱ्याच वेळाने झेंडू आला. त्याच्या पाठोपाठ साखरेचं देऊळ. रामदास आणि नलूताई एकदम पडद्यावर उगवले, पुन्हा टाळ्या. मधली चौकट तशीच. खाली नाव: श्री. गंगाधर परब. वर कोरं.

मागच्या रांगेतून कोणीतरी दबल्या आवाजात, पण हॉलच्या शेवटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालं, "नाव आसा, चौकट आसा, माणूस नाय. हार आणूचो काय?"

अण्णा उठले. त्यांनी आधी पेन उचललं आणि खिशात घातलं. सीमाने डोळे मिटले. मग ते माइकपाशी आले.

"हितेंद्रा. ह्या असां कित्याक?"

खोटं सुचण्याइतका वेळ नव्हता. "अण्णा, जो जड, तो मागून येतो."

"आणि हलको?"

"तो आधी."

"राधाबाई?"

"तीस केबी."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. "आणि माझां नाव कधी इलां?"

"सगळ्यांच्या आधी. नावाला वजनच नसतं अण्णा, ती नुसती अक्षरं."

अण्णांच्या कपाळावरची आठी सपाट होत गेली, आणि सपाट व्हायला जागा भरपूर होती. "मगे माझो फोटो काढून टाक. नुसतां नाव ठेव. अध्यक्ष पयलो येवक व्हयो."

हितेंद्रने तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्याही निर्णयाला आपले लोक टाळ्या वाजवतात, फक्त तो स्टेजवरून यायला हवा.

रामदास उसळून उभा राहिला. "म्हणजे मी मागून येणार? माझा पण काढ!"

"आणि माझा काय इथे एकटीचा राहणार, नवसासायासाचा?" नलूताई म्हणाल्या. "काढ रे."

मंडळाच्या अमृतमहोत्सवी वेबसाइटवर आता एकच फोटो उरला. हितेंद्रने राधाबाईंनाही विचारलं, काढू का. त्या झाडू भिंतीला लावत म्हणाल्या, "राहू दे की. कुणाला आड येतोय?"

हितेंद्रने कागद पुढे सरकवला. अण्णा खिशातून पेन काढणार, तोच रामदास म्हणाला, "थांबा. एवढे फोटो काढले ते वाया गेले काय? मी दोन टोपल्या झेंडू घेतला."

"मी रुखवत मांडलं," नलूताई म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "हितेंद्र, लग्नाच्या गेटवर फ्लेक्स लागेलच ना? निमंत्रक म्हणून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचाहत्तर वर्षांच्या मंडळात अशी एकजूट कुणी पाहिली नव्हती. खालून कालिंदीबाई टेपचं एक टोक सीमाच्या हातात देऊन दाराची रुंदी मोजत होत्या. हितेंद्र म्हणाला, "लागेल."

तीन सह्या झाल्या.

तर हिशेब. कालिंदीबाईंना पत्रिकेत छापलेलाच हॉल मिळाला. सीमाला नवऱ्यापुढे आयुष्यभर काढायला एक तक्ता मिळाला. हितेंद्रला हॉल मिळाला, आणि संकेतस्थळप्रमुख हे पद, जे सोडता येत नाही असं नंतर कळलं. अण्णांना पोपटासकट फ्लेक्सचा मधला भाग मिळाला, रामदासला उजवी बाजू झेंडूत, नलूताईंना डावी पैठणीत. वऱ्हाडातल्या दोघांनी फ्लेक्स बघून अण्णांनाच नवरदेव समजून गेटवर वाकून नमस्कार करून नांदा सौख्यभरे म्हटलं.

भरपाई आकांक्षाने केली. तिच्याच लग्नाच्या वीस फुटी फ्लेक्सवर नवरानवरीला मिळून जी जागा मिळाली, ती नलूताईंच्या नथीएवढी होती.